बावीस जखमी वाघ आणि एक गोळी

संशोधनाला लागू पाहणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, ‘विषय मिळालाय, पण संशोधनाचा प्रश्न कसा सापडतो?’ याला एका ओळीत उत्तर नाही. म्हणून आज माझ्या प्रबंधातला एक तुकडाच तुमच्यासमोर उलगडून ठेवते. माझा विषय एकोणिसाव्या शतकातल्या खानदेशातली शिकार. आजचा तुकडा आहे बंदुकीच्या गोळीबद्दल: निशाण्यावर मारायची गोळी आणि जनावरावर मारायची गोळी वेगळी का असते, आणि ती कधीपासून वेगळी झाली. हा प्रश्न तंत्राचा वाटतो, इतिहासाचा वाटत नाही. मलाही तो आधी बंदूकवाल्यांचा प्रश्न वाटत होता. थोडं थांबा.

सुरुवात एका आकड्यापासून करू. जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचं चरित्र गोल्डस्मिड नावाच्या लेखकाने १८८० साली छापलं. त्यात खानदेशातल्या शिकारीचा हिशोब दिलाय. १८२५ ते १८३४ या काळात आउट्रम आणि त्याच्या सोबत्यांनी २३५ वाघ मारले. त्यातले ४४ तो हजर नसताना इतर साहेबांनी मारले, म्हणजे १९१ वाघ मेले तेव्हा तो स्वतः तिथे होता. पुढे अस्वलं, बिबटे यांचीही मोजदाद आहे. आणि मध्येच एक छोटा आकडा येतो: २२ वाघ जखमी.

वाचणाऱ्याची नजर २३५ वर खिळते. साहजिक आहे. आज जळगाव जिल्ह्यात वाघ म्हटलं की मुक्ताईनगर तालुक्यातलं वढोदा वनक्षेत्र आठवतं, आणि तिथे एखादा वाघ कॅमेऱ्यात आला तरी पेपरात बातमी होते. तेव्हा २३५ हा आकडा वाचून कोणीही हबकेल. पण प्रश्न शोधायचा तर मी म्हणेन, २२ पाशी थांबा. वाघ जखमी झाला याचा अर्थ गोळी लागली, पण काम झालं नाही. का झालं नाही? नेम चुकला, की गोळीच त्या कामाची नव्हती? आणि जखमी वाघ झाडीत शिरल्यावर त्याच्यामागे कोण गेलं?

आता थोडा संदर्भ. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि खानदेश कंपनीच्या ताब्यात आला, तेव्हा हा मुलूख अगदी खिळखिळा झालेला होता. होळकरांच्या फौजांची लूट, पेंढाऱ्यांच्या धाडी आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी गावंच्या गावं ओस पडली होती. नांगर थांबला की रान पुढे सरकतं. जिथे शेती होती तिथे झाडोरा वाढला आणि वाघ गावाच्या वेशीपर्यंत आला. सातपुड्यातले भिल्ल नव्या सरकारला जुमानत नव्हते. बंदोबस्ताच्या मोहिमा निघाल्या, फसल्या. शेवटी एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना १८२५ मध्ये भिल्लांचीच पलटण उभी करायचं ठरलं. मुख्य ठाणं धरणगाव. जबाबदारी आली आउट्रमवर. वय वर्षे बावीस.

त्याने भरती सुरू केली ती शिकारीतून. भिल्लांसोबत रानात जायचं, त्यांच्या माग काढण्याच्या कसबावर विसंबायचं, त्यांच्यासोबत राहायचं. चरित्रात एक किस्सा आहे. दाट झाडोऱ्यातला वाघ दिसेना, तेव्हा भिल्लांनी आपली पागोटी एकमेकांना बांधून आउट्रमला झाडाच्या फांदीवरून खाली लटकवलं आणि त्याने तशा अवस्थेत गोळी झाडली. किस्सा गमतीचा म्हणून सांगितला जातो. मला त्यात दिसते ती पागोटी धरणाऱ्यांची बाजू. चरित्रकाराला ती फारशी दिसत नाही. शिकार हा इथे साहेबाचा छंद होताच, पण तो कारभारही होता. वाघ मारून गावाला दिलासा द्यायचा आणि त्याच वेळी शिपाई मिळवायचे. हा मुद्दा डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

आता गोळीकडे वळू. इथे एक पायरी सांभाळावी लागते, ती इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी फार जपावी. ‘आउट्रमने शिकारीची गोळी वापरली की निशाण्याची?’ असा प्रश्न १८२५ च्या खानदेशाला विचारताच येत नाही. तेव्हा असा पर्यायच नव्हता. ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर कापडाच्या किंवा कागदाच्या चिंधीत शिशाची गोल गोळी घालायची, गजाने ठासायची. नळी बहुतेक आतून गुळगुळीत. गोळी साच्यात ओतलेली, बोराएवढी, गोटीएवढी. शिपायाची, शिकाऱ्याची, जत्रेत मडकं फोडणाऱ्याची, सगळ्यांची गोळी एकच गोल शिशाची. भिल्लांकडे आणि गढीवाल्यांकडे तोड्याच्या बंदुका होत्या, त्यांतूनही तीच जात असे. निवड करायची ती गोळी केवढी आणि दारू किती, एवढीच. आजची वर्गवारी जुन्या काळावर लादली की उत्तर मिळतं खरं, पण ते आपणच आत ठेवलेलं असतं. म्हणून मी प्रश्न बदलला: या दोन गोळ्या एकमेकींपासून वेगळ्या कधी झाल्या, आणि कोणी केल्या?

गंमत अशी की अगदी वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळी टोकं करायचं ज्ञान खानदेशात आधीपासून होतं. ते बंदूकवाल्यांकडे नव्हतं. भिल्लाच्या कामठ्याचे बाण बघा. पक्ष्यासाठी बोथट टोकाचा बाण, कारण पाखरू फाटू नये, नुसतं गुंगून खाली पडावं. मोठ्या जनावरासाठी लोखंडी पात्याचा, कारण तिथे रक्त वाहायला हवं. माशाचा बाण पुन्हा निराळा. कामठा एकच, हात एकच, पण समोर काय आहे त्यावर बाण ठरतो. शिकारीच्या गोळीवर शंभर वर्षांत जी पुस्तकं लिहिली गेली, त्यांचा मूळ मुद्दा याहून फारसा वेगळा नाही. संग्रहालयात हे बाण ‘आदिवासी हत्यारे’ अशा एकाच पाटीखाली एका गठ्ठ्यात ठेवलेले दिसले, तर टोकं मोजा. प्रत्येक टोक म्हणजे एक निर्णय आहे.

युरोपात ही फाळणी झाली १८५० च्या आसपास. नळीच्या आत आटे पाडायची युक्ती जुनीच होती. आटे म्हणजे स्क्रूला असतात तसे नागमोडी खोबण. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहते. पण आट्यांच्या नळीत गोळी ठासायला वेळ फार लागायचा. मिन्ये नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी लांबट, बुडाशी पोकळ गोळी आली आणि हा त्रास संपला. तिच्याच जातीची गोळी घेऊन १८५३ ची एनफील्ड आली. हिच्याच काडतुसांवरच्या चरबीवरून पुढे १८५७ मध्ये काय झालं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

लांबट गोळीने पल्ला वाढवला आणि नेमबाजी हा मध्यमवर्गीय इंग्रजांचा खेळ झाला. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनला राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. पहिली गोळी राणी व्हिक्टोरियाने झाडली. बंदूक व्हिटवर्थची, चौकटीवर घट्ट बसवलेली, अंतर ४०० यार्ड. राणीने फक्त रेशमी दोरी ओढली. गोळी मध्यबिंदूपासून दीड-एक इंचावर लागली. मग काय विचारता! हजार यार्डांवरून निशाण गाठणारी गोळी हीच जगातली उत्तम गोळी, असं वातावरण तयार झालं. हिंदुस्थानात येणारा प्रत्येक तरुण साहेब तसलीच बंदूक घेऊन येऊ लागला.

इथे आपल्या गोष्टीत जेम्स फोर्सिथ येतो. मध्य प्रांताच्या जंगलखात्यात काम केलेला हा अधिकारी. पुढे तो निमाडचा सेटलमेंट ऑफिसर झाला. निमाड म्हणजे खानदेशचा सख्खा शेजारी. बऱ्हाणपूर, असीरगड, तापीचं तेच खोरं, सातपुड्याची तीच रांग. १८७१ मध्ये तो वारला. त्याच वर्षी आलेलं त्याचं मध्य भारतातल्या डोंगराळ मुलखावरचं पुस्तक इतिहासवाले वाचतात. पण त्याआधी, १८६३ मध्ये, त्याने शिकारी बंदूक आणि तिच्या गोळ्या यांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं. आपल्या विभागात ते सहसा कोणी उघडत नाही, कारण ते ‘तांत्रिक’ आहे. मी म्हणेन, आवर्जून उघडा. त्याचं सगळं भांडण आपल्याच मुद्द्यावर आहे: निशाण्याची बंदूक शिकारीत आणू नका.

त्याचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगते. नेमबाजाला अंतर ठाऊक असतं. ४०० म्हणजे ४०० यार्ड. गोळी वाटेत किती खाली येते हे त्याला माहीत असतं आणि तो दर्शक तेवढा वर करून ठेवतो. शिकाऱ्याला अंतर ठाऊक नसतं. वाघ गवतातून क्षणभर दिसतो, पन्नास यार्डांवर असेल नाहीतर सव्वाशे. तेव्हा गोळी शक्य तितकी सरळ रेषेत जायला हवी, म्हणजे अंदाज थोडा चुकला तरी ती जागेवरच लागते. सरळ जायची तर वेग हवा, वेग हवा तर दारू जास्त हवी. पण व्हिटवर्थच्या नळीत आटे इतके घट्ट की २० इंचांत गोळीचा एक पूर्ण फेरा. एनफील्डमध्ये तोच फेरा ७८ इंचांत. घट्ट आट्यांच्या नळीत गोल गोळी आणि भरपूर दारू घातली तर गोळी आटे सोडून सरळ घसरत बाहेर येते, फिरत नाही, आणि नेम गेला. म्हणून फोर्सिथ म्हणाला, आटे सैल करा, १०० इंचांहून जास्त लांबीत एक फेरा पुरे. गोल, मऊ शिशाची मोठी गोळी घ्या आणि मुठीने दारू घाला. हजार यार्डांवर ही बंदूक निकामी आहे, त्याला मान्य होतं. पण हिंदुस्थानच्या रानात हजार यार्डांवर कोण वाघ मारतो?

दुसरा मुद्दा गोळी लागल्यानंतरचा. कागदाला भोक पडलं की नेमबाजाचं काम संपलं. भोक जितकं स्वच्छ तितकं बरं, गुण मोजायला सोपं. सडपातळ, कठीण, टोकदार गोळी जनावरातूनही अशीच स्वच्छ आरपार जाते. आपली बरीचशी ताकद ती मागच्या झाडाला देऊन टाकते. वाघ मरतो, पण तासाभराने, किंवा दोन दिवसांनी, आणि मधल्या वेळात तो काय करेल याचा भरवसा नाही. शिकारीच्या गोळीने आत जाऊन पसरायला हवं, तिथेच थांबायला हवं. फार लवकर पसरली तरीही पंचाईत: कातडीवरच तिचे तुकडे होतात आणि खांद्याच्या हाडामागचं फुप्फुस सुरक्षित राहतं. १८७०-८० च्या दशकांत ‘एक्सप्रेस’ नावाच्या, टोकाला पोकळी असलेल्या हलक्या वेगवान गोळ्यांची चलती होती. सॅम्युएल बेकरसारख्या मुरलेल्या शिकाऱ्याने १८९० च्या आपल्या पुस्तकात त्यांच्यावर चांगलंच तोंडसुख घेतलं. वाघाला मऊ शिशाचीच, पण भरीव गोळी हवी, हा त्याचा आग्रह. म्हणजे ‘शिकारीची गोळी’ ही एक वस्तू नव्हतीच. हरणाची वेगळी, वाघाची वेगळी, गव्याची वेगळी. पुन्हा भिल्लाचे बाण आठवा.

आता त्या २२ वाघांकडे परत येऊ, कारण ही सगळी चर्चा मी त्यांच्यासाठीच केली. नेमबाजीत नेम चुकला तर गुण जातो. शिकारीत गोळी चुकीची निघाली तर किंमत कोण मोजतं? साहेब बहुतेक वेळा हत्तीवर किंवा मचाणावर असे. (आउट्रम पायी शिकार करायचा, हे त्याच्या चरित्रकाराला आवर्जून सांगावंसं वाटलं. म्हणजे रिवाज काय होता ते कळतं.) रक्ताचा माग काढत झाडीत शिरणारा माणूस भिल्ल. हाका घालणारे भिल्ल, गावकरी. जखमी वाघ पहिला सापडतो तो त्यांना. तो निसटला तर लंगडा, हरणामागे धावू न शकणारा वाघ गावाच्या गुराखी पोरांवर येतो. नरभक्षक वाघांच्या हकिगतींमध्ये जुन्या गोळीची जखम पुन्हा पुन्हा येते ती उगीच नाही. आउट्रमच्या हिशोबात वाघ मोजलेत, अस्वलं मोजलीत. हाक्यात मेलेल्या माणसांचा रकाना त्या वाक्यात नाही. गोळीच्या निवडीवर फोर्सिथने पानंच्या पानं लिहिली ती जनावर हातचं जाऊ नये म्हणून, हेही खरंच. पण त्या पानांचा खरा लाभार्थी, किंवा खरा बळी, बहुतेकदा दुसऱ्याच कोणाचा तरी मुलगा होता. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण इथून निघालं. तांत्रिक पुस्तक वाचलं नसतं, तर २२ हा आकडा मला दिसलाही नसता.

यापुढची गोष्ट खानदेशाबाहेर जाते, पण ती सांगितल्याशिवाय गोळीचा स्वभाव कळणार नाही.

१८८० च्या दशकात धूर न करणारी दारू आली. गोळ्या बारीक झाल्या, वेग इतका वाढला की नुसतं शिसं आट्यांत टिकेना. म्हणून शिशाला कठीण धातूचं कवच चढवलं गेलं. ब्रिटिश फौजेची थ्री-नॉट-थ्री गोळी ही अशी, ७.७ मिलिमीटर जाडीची, संपूर्ण कवचबंद. जुन्या मार्टिनी-हेन्रीची जाडजूड शिशाची गोळी माणूस जागीच पाडायची. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेनंतर तक्रार सुरू झाली की नवी गोळी आरपार जाते आणि समोरचा पठाण धावत येतच राहतो. ओळखीचं वाटतं ना? हीच फोर्सिथची तक्रार, फक्त वाघाच्या जागी माणूस. उपायही तोच निघाला. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने टोकाचं कवच थोडं कमी करून शिसं उघडं ठेवलं. गोळी लागली की टोक पसरायचं. ही ‘डमडम’ गोळी १८९७-९८ मध्ये तिराहच्या मोहिमेत वापरली गेली.

१८९९ मध्ये हेगला परिषद भरली. शरीरात पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायच्या नाहीत, असा ठराव पुढे आला. ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन आर्डा याने विरोध केला. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा: सुसंस्कृत शिपाई जखमी झाला की मागे फिरतो, ‘रानटी’ माणूस फिरत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळी गोळी लागते. आता १८२५ चं धरणगाव आठवा. वाघाचा बंदोबस्त आणि भिल्लांचा बंदोबस्त एकाच माणसाकडे, एकाच मोहिमेत. रानातलं जनावर आणि रानातला माणूस यांना एका रांगेत ठेवायची सवय हेगला अचानक उगवली नव्हती. ठराव बहुमताने मंजूर झाला. ब्रिटनने तो मान्य केला १९०७ मध्ये.

परिषदेतला एक उपप्रसंग खास तुमच्यासाठी, कारण तो पुराव्याच्या निवडीचा आहे. डमडम किती भयंकर आहे हे दाखवायला ट्युबिंगेनचे शल्यचिकित्सक प्रोफेसर ब्रुन्स यांचे प्रयोग पुढे केले जात होते. प्रयोग नीट केले होते, जखमांची वर्णनंही खरी होती. फक्त त्यांत वापरलेल्या गोळ्या डमडमच्या नव्हत्या. त्या माउझरच्या शिकारी गोळ्या होत्या, ज्यांचं टोक डमडमपेक्षा कितीतरी जास्त उघडं असतं. आर्डाने नेमकं यावर बोट ठेवलं, आणि या एका मुद्द्यावर तो बरोबर होता. साम्राज्याची बाजू मांडणाऱ्या माणसाचा आक्षेप पद्धतीच्या बाजूने बिनतोड असू शकतो. हे पचवायला जड जातं, पण पचवावं लागतं. डमडमवरची बंदी योग्यच होती असं माझं मत आहे. तिच्या बाजूने दिलेला हा पुरावा मात्र दुसऱ्याच गोळीचा होता. तुम्ही एखाद्या जुन्या लेखात ‘प्रयोगाने सिद्ध झाले आहे’ असं वाचाल, तेव्हा प्रयोग कशावर केला ते शोधून काढा. निष्कर्ष बरोबर असला तरीही.

आणि एक उलटापालट बघा. युद्धातल्या गोळीने पसरू नये हा दयेचा नियम, कारण शिपाई जखमी होऊन बाजूला झाला की पुरे, त्याला वाचवता येतं. शिकारीच्या गोळीने पसरलंच पाहिजे हाही दयेचाच नियम, कारण जनावराला वाचवणारा डॉक्टर कोणी येणार नसतो, ते लवकर मेलेलं बरं. एकच गुण, एकीकडे क्रौर्य आणि दुसरीकडे करुणा. निशाण्याच्या गोळीला या दोन्हींशी देणंघेणं नाही. कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा त्याच्यासमोरचं दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं होतं. तिथे गोळीने काय करायचं? मागच्या गोळीसारखंच वागायचं. दर वेळी तेच वजन, तोच वेग, तीच वाट. बाकी काही नाही.

मग गोळी नुसती बघून ओळखता येते का? इथेही जरा जपून. कवच म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूची एक छोटी वाटी समजा, तिच्यात शिसं भरायचं. फौजेच्या गोळीत वाटीचं बूड पुढे, तोंड मागे: टोक बंद. शिकारीच्या गोळीत वाटी उलटी, तोंड पुढे, तिथून शिसं डोकावतं. लांब पल्ल्याच्या नेमबाजीच्या उत्तम गोळ्यांतही वाटीचं तोंड पुढेच असतं, कारण गोळीचं बूड एकसारखं गुळगुळीत असलं की नेम जास्त चांगला लागतो. टोकाला मग एक बारीकसं भोक उरतं. दिसायला ती शिकारीच्या पोकळ गोळीची बहीण, पण ते भोक पसरण्यासाठी नसतं, ते घडण करताना मागे राहिलेलं असतं. अमेरिकी लष्कराला आपल्या स्नायपरांना अशी गोळी द्यायची होती, तेव्हा ती हेगच्या बंदीत बसते का, यावर १९९० मध्ये लष्कराच्या कायदेतज्ज्ञांना सविस्तर मत लिहावं लागलं. त्यांनी ती बंदीबाहेरची ठरवली. त्यांचा युक्तिवाद मान्य करा किंवा करू नका, पण वस्तूच्या रूपावरून तिचा हेतू वाचता येत नाही याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. नाणी, भांडी, ताम्रपट अभ्यासणाऱ्यांनीही ते वाचायला हरकत नाही.

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल तर भुसावळहून थोडं पुढे जा. वरणगावला १९६० च्या दशकापासून आयुध निर्माणी आहे. फौजेच्या बंदुकांची काडतुसं तिथे बनतात, अर्थात टोकबंद. नागरिकांना परवान्यावर मिळणाऱ्या ३१५ बोअरच्या रायफलची काडतुसं पुण्याच्या खडकी कारखान्याची. हा ३१५ बोअर आला कुठून? फौजेच्या बोअरची हत्यारं सामान्य माणसाच्या हाती जाऊ नयेत हे इंग्रजांचं धोरण, म्हणून नागरिकांसाठी वेगळं माप. तेच धोरण स्वतंत्र भारताने पुढे चालवलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकार बंद झाली, पण शिकारीसाठी घडलेली गोळी आणि मुळात नागरिकाला वेगळं पाडण्यासाठी आणलेलं माप, दोन्ही अजून चलनात आहेत. गावाकडे एखाद्या जुन्या घरात परवान्याची बंदूक असेल, तर तिच्या कागदपत्रांवर बोअरचा आकडा बघा. त्या आकड्यात धोरण लिहिलेलं असतं.

शेवटी कामाच्या दोन गोष्टी. मोडी किंवा जुन्या मराठी कागदांत ‘गोळी’, ‘गोळा’, ‘बार’, ‘छर्रा’ हे शब्द भेटतील. सगळ्यांना सरसकट ‘बुलेट’ करून टाकू नका. बार म्हणजे कधी दारूची भरणी, कधी झाडलेला आवाज. १८५० आधीच्या कागदात ‘गोळी’ आली तर ती गोल असण्याची शक्यता जास्त. आणि गॅझेटियर वाचताना १८८० चा खानदेशचा खंड नुसत्या लोकसंख्येसाठी चाळू नका. वन्य प्राण्यांचा भाग आणि भिल्ल पलटणीचा भाग शेजारी शेजारी ठेवून वाचा. धुळ्याला गेलात तर राजवाडे संशोधन मंडळात एक दिवस काढाच.

पुढच्या लेखात हाक्याच्या मजुरीबद्दल लिहीन: हाका घालायला माणसं कशी जमवली जात, त्यांना काय मिळे, आणि नाही म्हणायची सोय कोणाला होती. तोवर तुमच्या विषयातला तुमचा ‘२२’ कोणता आहे, ते कळवा.